ग्रोत्ता देल्ला पोएझिया बघायला जाताय? पोहायचे कपडे गाडीतच ठेवा

दरवर्षी एप्रिल-मे लागला की मला एकच रील पाच वेगवेगळ्या लोकांकडून येतं. कातळात मोठं गोल भगदाड, खाली निळंशार पाणी आणि काठावरून धडाधड उड्या मारणारी पोरं. खाली प्रश्न, "अगं हे तुमच्या बारीजवळच आहे ना, इथे पोहायला जाऊया का?" बारी म्हणजे आमचं दक्षिण इटलीतलं शहर. जवळ आहे म्हणजे तिथून दोन तासांवर आहे, आणि नाही, तिथे पोहायला जाता येत नाही. रील जुनं आहे. ती जागा म्हणजे रोका वेक्किया इथली ग्रोत्ता देल्ला पोएझिया, आता ती कुंपणाच्या आत आहे, तिकीट काढून जायची पुरातत्त्वीय साइट आहे, आणि पाण्यात उतरायला किंवा सूर मारायला बंदी आहे.

हे सगळं सांगूनही लोक चुकतातच. मागच्या पाहुण्यांमधे माझा भाचा होता, बारा वर्षांचा, तो तर सकाळी घरातूनच स्विमिंगची चड्डी आणि गळ्यात गॉगल लटकवून निघाला. गेटवरच्या बाईंनी हसत मान हलवली आणि बोर्डाकडे बोट दाखवलं, त्यानंतर पठ्ठ्याने दीड तास तोंड उघडलं नाही, एकाही फोटोत तो हसलेला नाही. चूक माझी होती, मी दिवसाचा क्रम उलटा लावला होता. म्हणून हे स्टेप बाय स्टेप लिहितेय. इतिहास-बितिहास कामापुरताच.

१. आधी ठिकाण नक्की करा

निम्मी गडबड इथेच होते. पुलियातल्या, म्हणजे आमच्या या दक्षिण इटलीतल्या प्रांतातल्या समुद्राचे फोटो नेटवर सगळे एकत्र कालवलेले असतात.

ग्रोत्ता देल्ला पोएझिया ही बुटासारख्या इटलीच्या टाचेवर आहे, सालेंतो भागात, लेच्चे जिल्ह्यातल्या मेलेंदुन्यो गावाच्या हद्दीत, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. लोक हिची गल्लत पोलिन्यानो आ मारेशी करतात, म्हणजे दोन कड्यांच्या मधला तो छोटा गोट्यांचा बीच आणि वर पांढरी घरं. ते लामा मोनाकिले, तिथे पोहता येतं, पण ते लेच्चेपासून शंभरावर किलोमीटर उत्तरेला आहे. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट नको, दोन्हीकडे धावपळच होते.

मॅपवर टाकताना पूर्ण नाव टाका, "ग्रोत्ता देल्ला पोएझिया, रोका वेक्किया". नुसतं "रोका" टाकलं तर रोका नुओवा नावाची आत रानातली जागा पुढे येऊ शकते, तिथे समुद्र नाही, ऑलिव्हची झाडं आहेत.

आणि अजून एक, पोएझिया दोन आहेत. मोठी आणि छोटी. मोठी म्हणजे रीलमधली, छत कोसळून उघडी पडलेली, साधारण ३० बाय १८ मीटरची लंबगोल. छोटी तिच्यापासून साठेक मीटरवर. खरं महत्त्व छोटीचं, तिच्या भिंतींवर मेसापियन (इथल्या प्राचीन लोकांची भाषा), लॅटिन आणि ग्रीक लेख कोरलेले आहेत, ते १९८३ मधे सापडले. ती आत उतरून बघायची गोष्ट नाही, बाहेरूनच. "गुहेत शिरून शिलालेख बघू" असं ठरवून येऊ नका.

चेक: मॅपवर पिन समुद्राला चिकटलेली आहे का? दक्षिणेला जवळच तोर्रे देल्लोर्सो दिसतंय का? मग बरोबर.

२. महिना, वार आणि वारा

जून किंवा सप्टेंबर. जुलै चालेल. ऑगस्ट टाळा, खासकरून १५ ऑगस्टच्या मागचापुढचा आठवडा, त्या दिवशी इथे फेरागोस्तोची सुट्टी असते आणि अख्खी इटली समुद्रावर असते, पार्किंगसाठी जीव काढावा लागतो. भारतातून येणाऱ्यांना १५ ऑगस्टला जोडून सुट्टी टाकायची सवय, म्हणून मुद्दाम सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी मेल्पिन्यानोला ला नोत्ते देल्ला तारांता हा लोकसंगीताचा मोठा कार्यक्रम असतो, तेव्हाही आसपासच्या खोल्या महाग आणि रस्ते तुंबलेले.

आता वाऱ्याचं बोलू, हे कोणी सांगत नाही. आपली कोकणातली माणसं आली की पहिला प्रश्न, "ओहोटी कधी आहे?" इथे भरती-ओहोटीचा फरक इतका कमी असतो की त्याच्यावर काहीच ठरत नाही. इथे विचारायचं ते वाऱ्याचं. उत्तरेचा वारा म्हणजे त्रामोंताना, तो सुटला की एड्रियाटिक बाजू खवळते, दक्षिणेचा शिरोक्को सुटला की पलीकडची आयोनियन बाजू खराब होते. इथले लोक सकाळी उठून वारा बघतात आणि मग कुठल्या समुद्राला जायचं ते ठरवतात, त्रामोंताना असेल तर आयोनियन, शिरोक्को असेल तर एड्रियाटिक. टाच अरुंद आहे, तासाभरात इकडून तिकडे जाता येतं.

पोएझिया एड्रियाटिकवर आहे. म्हणजे त्रामोंतानाच्या दिवशी गेलात तर साइट बघून होईल पण पाणी रीलसारखं निळं-हिरवं दिसणार नाही, आणि नंतरचं पोहणंही बोंबलेल.

चेक: आदल्या रात्री हवामानाच्या ॲपमधे फक्त तापमान बघू नका, वाऱ्याची दिशा बघा. उत्तरेचा जोरदार असेल तर दिवस बदला, त्या दिवशी लेच्चे शहर करा.

३. कागदपत्रं आणि गाडी

व्हिसा ज्यांना लागतो त्यांच्यासाठी थोडक्यात: शेंगेनच्या छोट्या मुक्कामाच्या व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बाकीचं तुमचा एजंट सांगेलच.

गाडीबद्दल मात्र लक्ष द्या. रोका वेक्कियाला रेल्वे नाही. लेच्चेपर्यंत ट्रेन छान आहे, पुढे पंचवीस-तीस किलोमीटर रस्ताच. उन्हाळ्यात किनाऱ्याच्या बस असतात, पण त्यांच्या वेळा सांभाळत दिवस आखायचा म्हणजे लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर अवघडच होतं, मी एकटी असते तरच बसने जाते. रविवारी तर बसवर अजिबात विसंबू नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर:

- भारतातलं लायसन्स एकटं पुरत नाही, सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते निघायच्या आधी आपल्या आरटीओकडूनच काढायचं, इथे आल्यावर मिळत नाही.
- क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. डेबिट कार्डवर बऱ्याच काउंटरवर गाडी देत नाहीत. बाबांचं कार्ड आणि मुलाचं लायसन्स, असं करून आमच्या ओळखीतले एकजण एअरपोर्टवर तीन तास बसले होते.
- लेच्चेच्या जुन्या भागात झेडटीएल असतो, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही असा कॅमेऱ्याचा भाग. चुकून शिरलात तर तेव्हा कोणी अडवत नाही, दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो, वर गाडी कंपनीची हाताळणी फी वेगळी.
- पार्किंगच्या रेघा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. निळ्यात लावलंत तर मशीनची चिठ्ठी डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवा.

सावधान: ट्रेनचं कागदी रीजनल तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमधे शिक्का मारून मगच चढायचं. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

४. बॅग दोन भरा, एक नाही

ही माझी खास युक्ती, भाच्याच्या प्रकरणानंतरची.

पहिली बॅग साइटची. पाण्याच्या बाटल्या (माणशी एक लिटर तरी), टोपी, सनस्क्रीन, थोडी चिल्लर आणि कार्ड दोन्ही, आणि पायात बंद बूट किंवा मागून पट्टा असलेले सँडल. फ्लिपफ्लॉप नको. तिथला कातळ चुनखडीचा, खडबडीत, सुरीसारख्या कडा असलेला, मधेच खळगे. आपल्या जांभ्याच्या सड्यावर चालायची सवय असली तरी हा दगड वेगळा, टोचतो आणि ओला असला की घसरतो.

दुसरी बॅग पोहायची. कपडे, पंचा, कोरडे कपडे, गॉगल, खाऊ. ही गाडीच्या डिकीत, दिसणार नाही अशी. सीटवर बॅग ठेवून गाडी सोडायची नाही.

ड्रोन घरीच ठेवा. युरोपात त्याची नोंदणी, विमा असं बरंच लागतं आणि पुरातत्त्वीय जागेवर उडवायला वेगळी परवानगी. एका शॉटसाठी एवढं झंझट कोण करेल.

चेक: लहान मुलांना आदल्या रात्रीच सांगितलंत का, की "पहिल्या ठिकाणी बघायचं, दुसऱ्या ठिकाणी डुंबायचं"? हे एक वाक्य सांगितलं की अर्धी रडारड वाचते.

५. गेटपर्यंत

वेळा सीझनप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी साइटच्या अधिकृत पानावर बघून घ्या. तिकीट स्वस्त आहे, काही युरोंचं. तिकीट खिडकीवरचे दोन शब्द उपयोगी पडतात: "इंतेरो" म्हणजे पूर्ण तिकीट, "रिदोत्तो" म्हणजे सवलतीचं. मुलांचं, विद्यार्थ्यांचं विचारून घ्या, ओळखपत्र दाखवा.

किती वाजता जायचं यावर घरात वाद होतो. किनारा पूर्वेला तोंड करून आहे, सूर्य समुद्रातून उगवतो, त्यामुळे सकाळी समुद्राकडे कॅमेरा केला की ऊन डोळ्यात. भगदाडाच्या आतलं पाणी उजळतं ते ऊन वरून पडायला लागल्यावर, म्हणजे दहा-साडेदहानंतर. पण तिथे सावली नावालाही नाही, जुलैत बारा ते चार माणूस भाजून निघतो. माझं मत, सकाळी साडेनऊच्या सुमाराला पोचा, आधी बाकीची साइट फिरा, साडेदहाला पोएझियापाशी या, अकरा-सव्वाअकराला बाहेर. फोटोवाल्या नवऱ्यांना बारा वाजेपर्यंत थांबायचं असतं, त्यांना त्यांच्या जबाबदारीवर थांबू द्या.

गेटवर आणि आत हे शब्द बोर्डांवर दिसतील, ओळखून ठेवा:

- दिविएतो दि बाल्नेआत्सियोने: पोहायला बंदी
- दिविएतो दि तुफ्फी: सूर मारायला बंदी
- पेरिकोलो क्रोल्लो: कोसळायचा धोका
- कादुता मास्सी: दगड पडतात

६. आत फिरायचा क्रम

बहुतेक लोक गेटमधून तडक भगदाडाकडे धावतात, दहा सेल्फी काढतात, "एवढंच?" म्हणतात आणि बाहेर. मग म्हणतात तिकीट फुकट गेलं. उलटं करा.

आधी जमिनीकडच्या बाजूने जुन्या तटबंदीचे अवशेष. इथे कांस्ययुगातली जाडजूड तटबंदी होती, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या आसपास वेढा पडून ती जळली, आणि तटाच्या एका चोरवाटेत लपलेल्या सात माणसांचे सांगाडे उत्खननात मिळाले. हे माहीत असलं की समोरचे दगडाचे ढीग नुसते ढीग राहत नाहीत, म्हणून एवढं सांगितलं. मग मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष, आणि समुद्रातल्या खडकावर उभा असलेला सोळाव्या शतकातला टेहळणी बुरूज, तो लांबूनच. आपल्याकडच्या सागरी किल्ल्यांची आठवण येते, पण इथे होडीने जायचं नाही.

कातळात ठिकठिकाणी चौकोनी खाचा, हौदासारखे खड्डे, पायऱ्यांसारखे काप दिसतील. त्यावर पाय द्यायचा नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं बघायला जाणारी मंडळी जशी चित्राच्या मधोमध उभी राहून फोटो काढतात, तेच इथे करतात, आणि दोन्हीकडे दगड झिजतो. आखलेल्या वाटेवरून चाला.

मग छोटी पोएझिया, बाहेरून. आणि शेवटी मोठी.

मोठीपाशी पोचलात की एक मिनिट फोन खिशात ठेवा आणि गप्प उभे राहा. समुद्र थोडा हलता असेल तर लाट आली की पायाखालून ढुम्म असा आवाज येतो, तुम्ही काठापासून चांगले लांब असताना. कारण खाली पोकळ आहे. पाणी खालच्या बोगद्यातून समुद्राला जोडलेलं आहे, लाटा कातळ खालून खात राहतात आणि वरचा काठ छज्जासारखा पुढे आलेला राहतो. वरून बघताना तो भक्कम वाटतो. मोठ्या पोएझियाचं छत असंच कधीतरी आत बसलं, म्हणून तर ती उघडी आहे! पोहायला बंदी कशासाठी हे मुलांना समजवायला हा ढुम्म पुरतो, भाच्यालाही दुसऱ्या खेपेला तो ऐकूनच पटलं.

सावधान:

- काठावर पाय सोडून बसून फोटो नको. दोरी किंवा कठडा असेल तर त्याच्या अलीकडे, नसेल तरी दोन-तीन पावलं मागे.
- "कोणी बघत नाहीये, पटकन उतरून येते" हे तर नाहीच. वर यायची वाट सोपी दिसते पण ओल्या पायाने तसं नसतं, शिवाय दंड.
- दगड, खापरी, शिंपला काही उचलायचं नाही. इटलीत जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू सरकारची. किनाऱ्यावरची वाळू-गोटे नेणंही बेकायदा आहे, एअरपोर्टवर बॅगा तपासतात.
- नाव कोरणं, मार्करने लिहिणं: २०२४ च्या कायद्याने वारसास्थळ विद्रूप केल्याचा दंड १०,००० ते ४०,००० युरो आहे. रुपयात करून बघा आणि पेन बॅगेत ठेवा.

कोणी पडलं, लागलं तर ११२. समुद्रातली अडचण असेल तर कोस्टगार्डचा १५३०. दोन्ही आधीच सेव्ह करून ठेवा.

७. आता पोहायला चला

गाडीने पाच-सात मिनिटांवर तोर्रे देल्लोर्सो. अर्धगोल खाडी, बारीक वाळू, मागे पाइनची झाडं, आणि पाण्यात शेजारी शेजारी उभे दोन खडक, दुए सोरेल्ले म्हणजे दोन बहिणी. सुरुवातीला उथळ आहे, पोरांसाठी हेच उत्तम. रीलमधल्या निळ्या पाण्याची हौस इथे फिटते, फक्त उडी मारायला कडा नाही.

बीचचे दोन भाग असतात. "लिदो" म्हणजे पैसे भरून छत्री-खुर्ची, "स्पियाज्जा लिबेरा" म्हणजे मोकळा, फुकट, आपला पंचा टाका आणि बसा. ऑगस्टमधे मोकळ्या भागात पंचाएवढीही जागा मिळत नाही. लिदोवाल्याला भाव आधी विचारा, पुढची रांग आणि मागची रांग यात फरक असतो.

झेंडा बघायला विसरू नका, आणि इथले रंग आपल्या समजुतीपेक्षा वेगळे आहेत. पांढरा म्हणजे ठीक. लाल म्हणजे पाण्यात धोका, जाऊ नका. पिवळा म्हणजे वारा जोराचा, छत्र्या मिटा. हिरवा शोधत बसू नका. आमचे काका पिवळा बघून "जपून पोहायचं" असं समजले होते, तोवर त्यांची छत्री शेजारच्या जर्मन कुटुंबावर जाऊन पडली.

ज्यांना खडकाळ, खोल पाणी आवडतं ते थोडं पुढे दक्षिणेला सांतांद्रेआला जातात, समुद्रातले सुळके आणि कमानी तिथे आहेत. सुंदर आहे, पण तिथलाही कडा तसाच ठिसूळ, वरून उड्या मारणाऱ्यांच्या मागे लागू नका. पोहणं कच्चं असेल तर तोर्रे देल्लोर्सोच बरं.

चेक: पाण्यात जायच्या आधी झेंडा, बान्यीनो म्हणजे लाइफगार्ड कुठे बसलाय, आणि मुलांच्या अंगावर सनस्क्रीन परत लावलं का.

८. खाणं

दुपारी एक ते साडेचार-पाच छोटी दुकानं बंद असतात, त्यामुळे "पोहून आल्यावर बघू" म्हटलंत तर उपाशी राहाल. सकाळीच घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर रुस्तिको घ्या, पफ पेस्ट्रीत मोत्झारेल्ला, टोमॅटो आणि व्हाइट सॉस, गरम असताना आपल्या पॅटिसची आठवण करून देणारं. पास्तिच्योत्तो हा इथला क्रीम भरलेला गोड पदार्थ दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पिठात पारंपरिक पद्धतीने स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी घालतात. रुस्तिकोच्या पेस्ट्रीबद्दलही खात्री हवी असेल तर एकच प्रश्न पाठ करा, "चे लो स्त्रुत्तो?" म्हणजे यात स्त्रुत्तो आहे का. आमच्या आईंनी दोन पास्तिच्योत्तो खाल्ल्यावर मी हा प्रश्न विचारला, उत्तर मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सोबत बर्फातली कॉफी बदामाच्या दुधाची मागा. ती घेऊन साडेपाचच्या आत गाडी काढा, सहानंतर बीचवरून लेच्चेकडे जाणारा रस्ता भरतो.